गळ्याचं माप

आमच्या गल्लीतले टेलर मास्तर माप घेता घेता ज्यूंच्या जुन्या शास्त्रातली एखादी पापाची गोष्ट सांगतात आणि शेवटी गिऱ्हाइकालाच निवाडा विचारतात.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मुलाखतीचा शर्ट शिवायला गेलो, तर पुढं अण्णा. मास्तरांचा गाळा त्यांचाच. समोरच्या विधवा मावशींची चहाची टपरी उठवायला त्यांनी खोटी तक्रार केलेली, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

मास्तरांनी अण्णांच्या गळ्याला टेप लावली.

"एका राजाला शेजाऱ्याचा द्राक्षमळा पायजे होता. शेजारी देईना. मग राणीनं खोटे साक्षीदार उभे केले, शेजाऱ्याला दगडांनी ठार करवलं आन् राजा मळ्यात शिरला. अशाला काय म्हणावं?"

"हरामखोर! दुसरं काय?"

"मग मावशींवरची तक्रार मागं घ्या, अण्णा."

अण्णांनी टेप हिसडली. "गाळा कुणाचा हाय, इसरलास व्हय?"

"न्हाय इसरलो. तक्रारीचं बोला की."

अण्णा कापड उचलून तडक निघून गेले.

मास्तरांनी माझं कापड पसरलं, खडू घेतला. "बाही अर्धी का पूर्ण?" आवाज नेहमीचाच होता. खडूची रेघ मात्र वाकडी गेली.