न मागता मिळालेलं पाणी

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावाच्या जुन्या भागात एका माणसाने एकट्याने चालवलेलं कॉफीचं दुकान आहे. दारातच पाटी आहे, ‘इथे साखर मिळत नाही.’ खाली बारीक अक्षरांत, ‘विचारूही नये.’ मालक पूर्वी गावातल्याच मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. नोकरी सोडली, पण कारखाना काही त्याच्या अंगातून गेला नाही. बिया तोलून घेतो, पाण्याचं तापमान मोजतो, आणि काचेच्या पेल्यातली तांबूस कॉफी तुमच्यापुढे ठेवून तिथेच उभा राहतो. मग एकच शब्द विचारतो, “उंड?” म्हणजे, “मग?”

दर शनिवारी मी सांगायची, “फारच छान.” अशी तीन वर्षं गेली. कॉफी आंबट असायची. पण कुणाकडे पोहे खारट झाले तरी ‘छान झालेत हं’ म्हणून परत वाढून घेणाऱ्यांतली मी. शिवाय माझा स्वार्थ होता. नवऱ्याला कारखाना होता, तिथले मराठी मित्र होते, लेकीला शाळा होती. मी घरी बसून भाषांतरं करते. दिवसभरात माझ्याशी बोलणारं म्हणजे कपडे धुवायचं मशीन, तेही शिट्टी वाजवून. मला या गावात एक दार हवं होतं, जिथे शिरल्यावर कुणी म्हणेल, “नेहमीचंच ना?” अशा गिऱ्हाइकाला इथे श्टामगास्ट म्हणतात. या दुकानात तो ओळखायची खूण सोपी होती. त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास न मागता यायचा. एक निवृत्त गृहस्थ कुत्रा घेऊन येत, त्यांना यायचा. कुत्र्यालाही वाडग्यात यायचं. मला नाही. दोन वर्षं झाल्यावर एकदा मालकाने मला विचारलं, “पहिल्यांदाच येताय का?” त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याशी विनाकारण भांडले.

मग सासूबाई पुण्याहून राहायला आल्या. त्यांची चारची कॉफी म्हणजे निम्मं दूध, दोन चमचे साखर आणि वरून जायफळ. जायफळ आणि इवलीशी किसणी पर्समध्येच होती, कारण परदेशात कशाचा काय भरवसा. शनिवारी त्या माझ्याबरोबर निघाल्या.

“आई, आल्झो, तिथे साखर मिळत नाही हं,” नवऱ्याने बजावलं. ‘तर मग’ऐवजी ‘आल्झो’ म्हणायची इथली सवय त्याच्या मराठीलाही लागली आहे.

“मग मिळतं काय?” असं म्हणून त्यांनी बूट घातले.

दुकानात त्यांनी एक घोट घेतला आणि चिंच चावल्यासारखं तोंड केलं.

“उंड?” मालकाने विचारलं.

“अगं, आंबट आहे हे. आणि कोमट. उकळून आण म्हणावं.”

“सासूबाई म्हणतात, चव अगदी वेगळी आहे,” मी जर्मनमध्ये सांगितलं.

मालक माझ्याकडे बघतच नव्हता. तो सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होता. “हे नाही म्हणाल्या त्या,” तो म्हणाला.

“अहो आई, जरा हसा ना,” मी हळूच विनवलं.

“आंबट आहे तर हसू कशाला?”

“काय म्हणाल्या?” मालकाने परत विचारलं.

माझी तीन वर्षांची पुण्याई बुडताना मला डोळ्यांपुढे दिसत होती. पण तो हलेना. शेवटी मी सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं, उकळण्यासकट.

त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला. त्याला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. “गेनाऊ,” तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. आंबटपणा त्या बियांचाच, त्याला इलाज नाही. पण कोमट ही त्याची चूक. त्याने पेल्यात थर्मामीटर बुडवला, स्वतःशीच चुकचुकला आणि नवी कॉफी करायला उठला.

पुढच्या शनिवारी आम्ही टेकतो न टेकतो तोच सासूबाईंपुढे पाण्याचा ग्लास आला. एकच. मी त्यातलंच अर्धं प्यायले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

सासूबाई पुण्याला परत जायच्या आत त्यांच्याकडून एक पेला संपवून घ्यायचाच, असं त्याने मनावर घेतलं होतं. दर वेळी त्यांच्यापुढे निरनिराळे पेले मांडायचा. “हा काढा आहे,” सासूबाई म्हणायच्या. “ह्यात भांडं विसळलंय. हा त्यातल्या त्यात बरा.” मी इमानाने भाषांतर करायची आणि तो खूश होऊन आणखी बिया दळायला घ्यायचा.

एकदा त्याने दूध घालून दिली. सासूबाईंनी वास घेतला, पर्स उघडली आणि वरून जायफळ किसलं. नव्या गाडीवर कुणी किल्लीने चरा ओढावा तसा मालकाचा चेहरा झाला. मी दाराकडे बघून ठेवलं. त्याने तो पेला उचलला, हुंगला, एक घोट घेतला.

“पिता येईल,” तो म्हणाला.

इकडच्या माणसांकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. नवऱ्याला त्याचे साहेब एकदा “चालेल” म्हणाले होते, तर आम्ही घरी शिरा केला होता. सासूबाईंनी पेला परत घेतला, “साखर नाही, पण जाऊ दे,” म्हणाल्या आणि संपवला.

सासूबाई गेल्यावरच्या शनिवारी मी एकटीच गेले. त्यांच्याशिवाय मी त्या दुकानात कोण? मालकाने काचेचा पेला ठेवला. पाणी नव्हतं.

“उंड?”

“फारच छान,” मी सवयीने म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि तो कुत्र्याचं वाडगं भरायला वळला. त्याची ती पाठ बघून माझं डोकंच फिरलं.

“नाही आवडली,” मी जरा मोठ्यानेच म्हणाले. “आंबट आहे. मला कधीच आवडली नाही.”

गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मालक परत आला.

“कधीच? तुम्ही तर माझ्याकडे वर्षानुवर्षं येताय.”

म्हणजे त्याला माहीत होतं! “मग एकदा पहिल्यांदाच आलात का, असं का विचारलंत?” मी विचारलं.

“दर वेळी तुमचं उत्तर पहिल्यांदा आलेल्या माणसाचंच असायचं.”

त्याने पेला उचलून नेला.

त्यानंतरच्या शनिवारी मी अजून कोट काढत होते तेवढ्यात त्याने विचारलं, “नेहमीचंच ना?” माझं नेहमीचं काय, ते मलाच ठाऊक नव्हतं. तरी मी घाईघाईने “या, या,” म्हणजे “हो, हो,” म्हणाले. दुधाची कॉफी आली, वर जायफळ किसलेलं. ते त्याने कुठून पैदा केलं देव जाणे.

“उंड?”

“जायफळ जास्त झालंय,” मी म्हणाले. “आणि साखर हवी होती.”

त्याने दारातल्या पाटीकडे बोट दाखवलं. मग आत जाऊन पाणी आणलं, आधी माझ्यापुढे ग्लास ठेवला आणि नंतर कुत्र्याचं वाडगं भरलं.