मंगळवारपर्यंत

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. जानेफळहून मी पुण्याला शिकायला गेलो. सुरुवातीला रोज रस्ता चुकायचो, पण कुणाला विचारायचो नाही. तोंड उघडलं की 'मला'ऐवजी 'मले' निघायचं. मुलांनी माझं नावच 'मलेतुले' पाडलं होतं. त्यापेक्षा चुकलेलं बरं — नाही का? वर्षभरात रस्ते शिकलो. त्यांची भाषाही शिकलो.

एका शनिवारी त्याच मुलांबरोबर — आता ती मित्र झाली होती — पुणे स्टेशनबाहेर उभा होतो. डोक्याला शेला गुंडाळलेले एक म्हातारे नेमके माझ्याकडे आले.

"बाबू, मंगळवार पेठ कोनीकडे हाये जी? अमडापूरहून आलो. बहीण लई बिमार हाये माही."

अमडापूर — माझ्या ताईचं सासर. आणि पेठ तर स्टेशनपासून चालत जाण्याजोगी. पण मागून आवाज आला, "मलेतुले, तुझे पाहुणे आले रे!"

मी स्वच्छ पुणेरीत म्हणालो, "आजोबा, आज शनिवार. मंगळवार पेठ मंगळवारी भरते."

मित्र खिदळले. म्हातारे हसले नाहीत. आमच्याकडे बाजार वारावरच भरतो — त्यांना ते पटलं. "बरं झालं सांगतलं, नाई तं फुकट फिरलो असतो," म्हणाले आणि वळकटी उचलून पुन्हा स्टेशनात गेले. हाक मारायला कितीसा वेळ लागला असता?

उन्हाळ्यात ताईकडे गेलो, तर ओसरीवर तेच बसलेले. शेजारीच राहायचे. त्यांनी मला ओळखलं नाही. पँटीऐवजी पायजमा होता, आणि बोलणंही घरचं. पुण्याचीच गोष्ट चालली होती. तीन दिवस ते स्टेशनातच बसून राहिले. मंगळवारी विचारत विचारत गेले.

"गेलो, तं पेठ भरेल होती. पोरानं खरं सांगतलं होतं. पन बहीण रविवारीच गेली. 'दादा आला काय', इचारत होती म्हने." मग म्हणाले, "काय करता? मंगळवाराच्या आंधी जाता येत नव्हतं."

ताई म्हणाली, "हा पुन्यालेच असते न, काका."

ते माझ्याकडे वळले. "काहो बाबू, मंगळवारीच भरते न थे?"

त्या दिवशी तिथे मित्र नव्हते. कुणी हसणार नव्हतं.

"हाव, काका," मी म्हणालो. आपल्याच बोलीत.