आधी फोन करणारे साहेब

अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीचं बोअरचं पाणी तपासायला येणारे सरकारी साहेब मोठे विचारी आहेत. कॉलनीची सेक्रेटरी म्हणून मला आदल्या दिवशी फोन करतात, "वहिनी, तुमची गैरसोय नको." मग कुठे टाकीत ब्लीचिंग पावडर पडते. साहेब नळाचं पाणी बाटलीत भरतात, "एकदम बढिया!" म्हणतात आणि आमच्याकडे दोन कप चहा पितात.

परवा मात्र फोन करायला विसरले आणि थेट दारात उभे. नळ सोडून ओंजळभर पाणी हुंगलं. पावडरचा कसलाच वास नव्हता. चेहरा माझाच उतरला. रिकामी बाटली पिशवीत टाकत ते म्हणाले, "मी आज आलोच नाही, वहिनी. कल आता हूँ."

मी चहा टाकायला वळले.

"नको, नको!" ते घाईघाईनं म्हणाले. "चहा उद्याच घेईन."