विलासभाऊजी, कांदे आणि चौसष्ट कॉम्प्युटर

फोन आला तेव्हा मी गोणीतले कांदे निवडत होते. "आई, विलासकाका गेले," मुलगा म्हणाला, आणि माझा हात गोणीतच राहिला...

विलासभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही साताऱ्याकडचे, ह्यांचा वाशीच्या मार्केटात कांद्याचा गाळा. कांदा सडायला लागला की वास यायच्या आधी तो तापतो. ढिगातला तापलेला कांदा हाताच्या पाठीने कसा शोधायचा, हे ह्यांनीच भाऊजींना लहानपणी शिकवलेलं.

नव्वद सालानंतर भाऊजींनी चांगली नोकरी सोडून तुर्भ्याला शेड घेतली. चौसष्ट छोटे कॉम्प्युटर जोडून एक सुपरकॉम्प्युटर करायचा, म्हणे! मी विचारलं, "एकच मोठा का नाही घेत?" तर म्हणाले, "वहिनी, अख्खा ट्रक एकटा हमाल खाली करतो का? तसंच हे." बँकेला आमचा वाशीचा फ्लॅट तारण दिला, सही माझीही होती. शेडमध्ये मशीनला दोन एसी आणि घरी भाऊजींच्या डोक्यावर खडखडता पंखा! एखादं कार्ड बिघडलं की ते मीटर लावायच्या आधी हाताची पाठ फिरवायचे. "वहिनी, सापडला बघा सडका!"

मशीन चालायला लागलं आणि गणपतीच्या सुमारास एक कॉलेज ते घ्यायला तयार झालं. कर्ज फिटून थोडं उरलं असतं. भाऊजी ह्यांना विचारायला आले. हे म्हणाले, "अरं, पहिल्या बोलीला माल सोडतोस व्हय? थांब, भाव चढंल." चहा देता देता मीही म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा की, भाऊजी." आमचं सगळं आयुष्य वखारीत गेलेलं. कॉम्प्युटर ठेवला की उलटा रोज स्वस्त होतो, हे कुणाला ठाऊक! दिवाळीच्या आधीच परदेशातून नव्या चिपा आल्या. तेच काम एका पेटीत, निम्म्याहून कमी पैशात. कॉलेजने हात जोडले. फ्लॅट गेला, आम्ही सगळे घणसोली गावठाणात दोन खोल्यांत आलो. भाऊजी पुन्हा नोकरीला लागले. कुणी कुणाला बोललं नाही, पण माझं ते 'थांबा' मला आतून टोचत राहिलं...

हॉस्पिटलात शेवटचं भेटायला गेले तेव्हा बोलून टाकलं. "मी थांबा म्हटलं नसतं तर..."

भाऊजींनी उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "वहिनी, मला विकायचंच नव्हतं हो. नुकतं कुठे चालायला लागलं होतं ते. तुम्ही थांबा म्हणालात, तेव्हा मला इतका आनंद झाला... आणि घर गेलं तुमचं. हे सांगायचं धाडसच झालं नाही."

राग यायला हवा होता मला. "लबाड कुठले!" एवढंच म्हटलं. दोघंही हसलो.

घरी आले की भाऊजी चपला काढून आधी स्वयंपाकघरात यायचे, गोणीत हात घालायचे आणि एक कांदा ओट्यावर ठेवून म्हणायचे, "हा आजच चिरा." भाऊजींचं तेरावं झालं, आणि परवा गोणीत माझ्या हाताच्या पाठीला एक कांदा गरम लागला. ओट्यावर काढून ठेवला, भाऊजी आले की दाखवायला... संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. चिरायचा राहूनच गेला.