हिलाल नानांच्या पाठराखणी

हिलाल नानांकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन गेलं की ते आधी तुमच्याकडे बघतात, मग कॉम्प्युटरकडे, आणि विचारतात, "नवरी कोनी आनी?" म्हणजे नवा ब्राउझर कोणी टाकला. दोंडाईचात राहून ज्याला ही भाषा कळत नाही त्याने आपलं मशीन खुशाल धुळ्याला न्यावं, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे लग्न झालं की नवरी एकटी सासरी जात नाही. सोबत पाठराखीण असते, माहेरची एखादी आत्या नाहीतर मावशी. ती चार दिवस राहते, लुगडं-चोळी घेते आणि परत जाते. ब्राउझरचंही तसंच, असं नाना सांगतात. आपण आणतो एकीला, मागून उतरतात चौघी. एक हवामान सांगते, एक स्वस्तातल्या साड्या दाखवते, एक 'तुमचा कॉम्प्युटर आजारी आहे' म्हणून गळा काढते, आणि एक काहीच बोलत नाही, नुसती मागच्या खोलीत बसून खात राहते. परत जायचं नाव कोणी काढत नाही. मशीन मग बैलगाडीसारखं चालायला लागतं आणि आपण बिचाऱ्या मशीनला शिव्या देतो. चूक आपलीच असते. समोर खुणा केलेले चौकोन असतात, ते न वाचता आपण 'पुढे, पुढे' दाबत सुटतो.

नानांची काढायची रीत ठरलेली. आत काय काय चाललंय त्याची यादी उघडायची आणि एकेका नावाला मोठ्याने विचारायचं, "तुनं काम काय शे?" उत्तर अर्थातच येत नाही. मग ते नाव पेन्सिलने वहीत लिहायचं, इंटरनेटवर त्याचं कुळ शोधायचं, एक दिवस जाऊ द्यायचा, आणि मगच काढायचं. माझ्या मुलीच्या लॅपटॉपसाठी मी तीन चकरा मारल्या तेव्हा वैतागून म्हटलं, "नाना, एकदम सगळ्या हाकलून द्या ना!"

"नही वं सुनंदा," ते म्हणाले. "एखादी खरी मावशी राहस त्यामा."

माझा त्यांच्यावरचा राग जुना आहे. नव्वद साली मी त्यांच्या क्लासला टायपिंग शिकायला गेले. स्टेशनकडच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर खोली, अकरा टाइपरायटर, आणि मिरचीच्या हंगामात खिडकी उघडली की अकरा जणांच्या शिंका. मान खाली गेली की नाना बोटांवर पट्टी मारायचे. कळफलकाकडे बघायचं नाही, बोटांना घर माहीत पाहिजे. आणि दुसरा नियम त्याहून कडक: मजकूर वाचायचा नाही. अर्ज कसला, कोणाचा, कोण मेलं, कोणाची जमीन गेली, टायपिस्टने त्यात पडायचं नाही. वाचलं की हात अडतो. त्या पट्टीवरच मी परीक्षा पास झाले आणि धुळ्याच्या सरकारी कचेरीत लागले, तरी राग तो रागच.

कुंदाबाई, म्हणजे नानांची बायको, तिथेच माझ्या शेजारी बसायच्या. त्या स्वतः नानांच्या विद्यार्थिनी, आधीच्या तुकडीतल्या. परीक्षेत मिनिटाला चाळीस शब्द काढले आणि पुढच्या वैशाखात मास्तरांशीच लग्न केलं. "पट्टीचा मार चुकवायचा दुसरा उपाय नव्हता," असं मला कानात सांगायच्या आणि मान खाली घालून हसायच्या. किती गोड बाई होती ती! तीन वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्याने गेली.

टाइपरायटर भंगारात गेले, क्लासच्या जागी दुकान झालं आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा कुंदाबाईंसाठी नानांनी मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम बसवून घेतला. जुन्या टाइपरायटरची तीच बटणं, तीच अक्षरं. दुपारी दुकान थंड असलं की त्या टाइप करत बसायच्या. नाना विचारायचे, "काय लिखी राह्यनी?" त्या म्हणायच्या, "प्रॅक्टिस." नाना मागे उभे राहून त्यांची बोटं बघायचे, क्वचित म्हणायचे, "करंगळी ढिली पडी राह्यनी," आणि निघून जायचे. सतरा-अठरा वर्षं ही प्रॅक्टिस चालली. सगळं एकाच फाइलमध्ये, फाइलचं नाव 'कुंदा'.

त्या गेल्यावर नानांनी ते मशीन विकलं नाही. फाइलही उघडली नाही. रोज सकाळी सुरू करायचे, पडद्यावर ते नाव दिसलं की बाकीच्या कामाला लागायचे.

गेल्या महिन्यात त्यांचं रोजचं मशीन बंद पडलं. परीक्षेचे फॉर्म भरायची गर्दी, म्हणून त्यांनी कुंदाबाईंच्या मशीनवर नवा ब्राउझर टाकला. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस, घाईत स्वतःच 'पुढे, पुढे' दाबून मोकळा झाला. चौघी उतरल्या. त्यातल्या एकीने निवृत्त हेडमास्तर पंडित सरांसमोर, ते नातीचा फॉर्म भरत असताना, अर्ध्या कपड्यातली एक बाई पडद्यावर नाचवली. नाना लाजेने लाल झाले. त्या रागात त्यांनी ना वही घेतली, ना पेन्सिल. यादी उघडली आणि एकेकीला धरून बाहेर काढलं. चौघी गेल्या, खाली पाचवी दिसली. तीन इंग्रजी अक्षरांचं नाव, तोंडओळख नाही, मशीन चालू झाल्यापासून गुपचूप बसलेली. "तुनं काम काय शे?" उत्तर नाही. तिलाही काढलं.

तीच ती मावशी होती. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम, आणि जाताना ती आपली अक्षरंही घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाईंचं श्राद्ध होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नानांना ती फाइल उघडावीशी वाटली. आणि आत मराठी नव्हतंच. पानंच्या पानं नुसती इंग्रजी अक्षरं, कोंबडीने उकरल्यासारखी.

मला फोन आला. "बठ्ठं गयं, सुनंदा. मीच काढं. मनी कुंदा मी मना हातघाई काढी टाकी." सगळं गेलं, आपल्याच हाताने आपली कुंदा काढून टाकली, असं म्हणत फोनवर सत्तर वर्षांचा माणूस रडत होता. पट्टीचा सगळा राग बाजूला ठेवून मी साहेबांना खोटं कारण सांगितलं आणि पुढची एसटी पकडली.

दुकानाचं दार अर्धं लावलेलं होतं. प्रोग्रॅमची सीडी त्यांनी सकाळपासून शोधली होती, सापडली नव्हती. बसवून देणारा कधीच सुरतेला निघून गेला होता. मी नेहमीसारखी तोंड सोडून बोलले, वही कुठे होती म्हणून विचारलं. ते मान खाली घालून सीडीचे रिकामे खोके लावत राहिले, त्याने मलाच वाईट वाटलं. मी पडद्याजवळ गेले. सगळ्यात वर पाचच अक्षरं होती. डी, क्यू, ए, एन, के. काही अर्थ नाही. मी उगीच मोठ्याने वाचलं.

टेबलावर ठेवलेली नानांची बोटं हलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परत बोल."

"डी, क्यू, ए, एन, के."

त्यांच्या बोटांनी रिकाम्या टेबलावर पाच ठोके दिले. "कुंदा," ते म्हणाले.

मग मलाही उमगलं. प्रोग्रॅमने फक्त मराठी चेहरा नेला होता. मागे राहिलं होतं ते कुंदाबाईंनी कोणतं बटण दाबलं त्याचं नाव, आणि कोणत्या बटणावर कोणतं अक्षर हे या माणसाच्या बोटांत चाळीस वर्षं बसलेलं होतं. मी अक्षरं सांगत गेले, ते टेबल ठोकत गेले. त्याखालची पहिली ओळ निघायला पंधरा मिनिटं लागली. कुंदाबाईंनी लिहिलं होतं: 'ह्यांनी आज वांग्याच्या भाजीला नावं ठेवली आणि तीनदा वाढून घेतली.' टायपिंगला बसलं की अहिराणी नाही, शुद्ध मराठीच लिहायचं, ही शिस्तही नानांचीच. नाना हसले, आणि हसताना पुन्हा रडले.

तेवढ्यात मी मोबाइलवर शोधलं होतं. जुनी मराठी अक्षरं नव्यात बदलून देणारी जागा इंटरनेटवर होती. मी आनंदाने ओरडलेच, "नाना, इथे टाकलं की दोन मिनिटांत सगळं होतं! अख्खी फाइल!"

त्यांनी माझा मोबाइल हळूच उलटा करून ठेवला. "दोन मिंटमा बठ्ठं व्हई जाई. मंग मी वाचसू कव्हय? इतला वरीस तिना मांगे उभा राह्यनू, फक्त बोटे देखी. पुढली ओळ सांग."

सगळं झटक्यात झालं तर इतकी वर्षं नुसती बोटं बघणाऱ्या माणसाने वाचायचं कधी, हे मला पटलं. मी सांगत गेले. एकेक अक्षर, एकेक ठोका. मध्येच ते थांबायचे, एखादा शब्द दोनदा ठोकून बघायचे. बाहेर कोणीतरी फॉर्मसाठी दार वाजवलं, आम्ही उठलो नाही. ओळ पुरी व्हायला अर्धा तास गेला, आणि मग त्यांनी ती सलग म्हणून दाखवली:

'माझी प्रॅक्टिस कधीच संपली. ह्यांनी एकदा तरी माझी बोटं सोडून मी काय लिहिते ते वाचावं, म्हणून रोज बसते.'

नानांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. बोटं टेबलावर तशीच होती.

"वाची राह्यनू ना वं," ते पडद्याला म्हणाले.