काट्यावरच्या कॉम्प्युटरची आरती

शिरपूरच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर होतो, तेव्हा तिथे कॉम्प्युटर आला. दसऱ्याला पूजा करून शेठजींनी त्यात सुरू होताच वाजणारी आरती घालून घेतली. मग ऑफिसातल्या प्रत्येकाने आपापलं काहीबाही घातलं. सकाळी बटण दाबलं की सगळं आपोआप सुरू, आणि वजनाचा पडदा येईपर्यंत कापसाच्या गाड्या खोळंबून. एकदा मीच म्हटलं, हे मी काढतो.

"आबा, चौथी शिकलेल्यानं हात लावू नये. नोकरी जाईल," ऑपरेटर हसला.

कॉम्प्युटर बसवणाऱ्याला ती आरती घालताना मी पाहिलं होतं. ऑपरेटरसमोरच स्टार्टअपच्या, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून एकेक नाव काढलं. आरतीचंसुद्धा.

शेठजी तापले. "आरती पुसली?"

"पुसली नाही, आतच शे, शेठजी. देवाची आरती आपण हातानं करतो ना? इथं दाबा."

त्यांनी दाबलं, आरती वाजली. पुढे रोज सकाळी शेठजी स्वतःच दाबायचे, आणि मी पहिली गाडी काट्यावर घेऊन हात जोडून उभा. फार बरं वाटायचं.