विरजणाची वाटी

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीने परवा फोनवर सांगितलं की नोकरी सोडून ती वर्षभर फूटलूज अँड फॅन्सी-फ्री हिंडणार आहे. "कोणाबरोबर?" माझ्या तोंडून लगेच निघालं. ते मला शोभलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हा वाक्प्रचार मला मॅट्रिकच्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी शिकवला. अर्थ असा, की पायांना बंधन नाही आणि मन कुणात गुंतलेलं नाही. वाक्यात उपयोग करायचा होता. मी वहीत इंग्रजीत लिहिलं, 'डोंगराकडे चालत जाते तेव्हा मी फूटलूज अँड फॅन्सी-फ्री असते.'

मुलुंडला तेव्हा आमच्यासारख्या घरातली मुलगी नुसती फिरायला जात नसे. काहीतरी काम लागे. माझं काम विरजणाचं. हातात वाटी दिसली की कुठे निघालीस असं कुणी विचारत नसे. मैत्रिणीच्या आईकडून चमचाभर दही घ्यायचं आणि तसंच डोंगराच्या पायवाटेला लागायचं.

आमच्याकडे राहणाऱ्या आत्याने ते हेरलं. "घरचं दही चांगलं लागतंय, मग आठवड्यात तीनदा विरजण कशाला गं?"

वडिलांनी माझं दप्तर तपासलं. वाक्य सापडलं. कचेरीत इंग्रजीतच काम करणारे ते. अर्थ त्यांना नीट कळला.

"मन कुणात गुंतलेलं नाही, हे लिहून ठेवायची गरज का पडली?"

"बाईंनी वाक्य करायला सांगितलं."

"डोंगरही बाईंनीच सांगितला वाटतं," आत्या म्हणाली.

वडिलांनी वही मिटली. "खरं काय ते कळेपर्यंत कॉलेजचं नाव काढायचं नाही."

चौथ्या दिवशी आत्याने स्वतःच माझ्या हातात वाटी दिली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी वर दगडावर जाऊन बसते न बसते तोच छत्री टेकत, धापा टाकत वडील आले.

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही."

"बघू," म्हणून ते शेजारच्या दगडावर बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं वाट पाहत होतो. मोळ्या घेतलेल्या दोन बाया तेवढ्या गेल्या. त्यांच्याकडेही त्यांनी निरखून पाहिलं. वाटीतल्या दह्याला पाणी सुटलं.

उतरताना ते म्हणाले, "जूनमध्ये कॉलेजात जा. इकडे येताना मात्र वाटी घेत जा. लोक बघतात."

बी.ए. होईपर्यंत आत्या वाटीत खरंच दही आहे का ते रोज पाहत असे.

थोरलीला मी पुन्हा विचारणार नाही. ती चिनी मातीची वाटी अजून माझ्याकडे आहे. कडेचा टवका उडाला आहे, पण विरजण तिच्यातच ठेवते.